घोडीच्या अलीकडे, पलीकडे

आमच्या घरात भांडणं फारशी झाली नाहीत. आमच्याकडे अबोला असे. भांडणाला दोन माणसं लागतात, आवाज चढवावा लागतो, शेजारी ऐकतील याची भीती बाळगावी लागते. अबोला एकट्यानं धरता येतो, आणि आमच्या घरात तो धरणारा पुरुषच असे. माझे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते. ते एकदा सबंध उन्हाळा माझ्या वडिलांशी बोलले नव्हते, का ते आता कोणालाच आठवत नाही. वडील माझ्याशी पाच महिने बोलले नाहीत, कारण बँकेची परीक्षा द्यायची सोडून मी वाळूजला कारखान्यात लागलो. जेवायला शेजारी शेजारी बसायचं, आणि आईकडे बघून म्हणायचं, "त्याला म्हणावं, मीठ सरकव." आई म्हणायची, "मीठ दे रे." मी द्यायचो. यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटत नसे.

मी असं करणार नाही, असं लग्नाआधी मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. लग्नानंतर चौथ्या महिन्यात पहिला अबोला धरला.

वाळूजला मी तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. शिफ्टच्या बसनं जायचं, समोर आलेला माल पास की परत एवढं ठरवायचं, आणि बसनं परत यायचं. घरी आल्यावरही ती सवय काही जात नसे. बारावीनंतर मुलगी म्हणाली, इंजिनिअरिंग नको, मानसशास्त्र शिकायला पुण्याला जाते. झालं, मी दीड महिना तिच्याशी बोललो नाही. स्वयंपाकघरात आम्ही तिघं असायचो. मी बायकोला म्हणायचो, "तिला सांग, काय उजेड पाडायचा तो पाड म्हणावं." बायको तव्यावरची पोळी उलटत मुलीला सांगायची, "बाबा म्हणतायत जा, पण खोली नीट बघून घे." मुलगी फणकारायची, "त्यांना सांग, मला त्यांची परवानगी नकोय." बायको माझ्याकडे वळून म्हणायची, "ती म्हणतेय, सोडायला बाबा आले तर बरं वाटेल." आम्ही चार फुटांवर उभे असायचो आणि दोघांनाही दोन्हीकडचं स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी खरं मानायचो ते बायकोनं सांगितलेलं. मुलीला सोडायला मी गेलो, आणि वाटेत तिला उसाचा रसही पाजला.

म्हणून बायको गेल्यावर घरातलं बोलणंच संपलं. मुलगी तेरा दिवस होती, मग पुण्याला निघून गेली, आणि त्यानंतर दोन वर्षं ती गारखेड्याच्या घरात एकदाही झोपली नाही. गावात आली की मावशीकडे उतरायची. दिवसाउजेडी तासभर आमच्याकडे यायची, गोळ्यांची पट्टी तपासायची, फ्रिज उघडून बघायची, आणि "येते" म्हणून निघायची. तिच्या खोलीतली गादी मी नवीन भरून घेतली होती. पंखा कुरकुरायचा, तो बदलला. एक रात्र तिनं त्या खोलीत झोपावं, सकाळी उशिरा उठावं, बाहेर येऊन डोळे चोळत उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. पण ते कोणाला सांगायचं आणि कोणाकरवी सांगायचं? मावशीला एकदा सुचवून पाहिलं. मावशीनं ते जसंच्या तसं पोचवलं, वर "तुझे बाबा हट्टी आहेत, ते काही तोंडानं म्हणायचे नाहीत" हे स्वतःचं जोडलं. मुलीनं त्या खेपेला तासाऐवजी अर्धाच तास काढला.

मग पुन्हा कोरडं वर्ष आलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायला लागलं, गल्लीत फाटकाफाटकाशी निळी पिंपं उभी राहिली, आणि सगळे जण एकमेकांना नमस्काराऐवजी "तुमच्याकडे आलं का?" असं विचारायला लागले. अशा एका दिवशी मोबाइलवर मुलीचा निरोप आला. करमाडजवळ घोड्यांसोबत सेशन असतात. चार रविवार. मी पुण्याहून येईन. तुम्ही याल का? मला वाटलं, घोड्यावर बसवतात. एकसष्टाव्या वर्षी घोड्यावरून पडून माकडहाड मोडून घेण्याची माझी तयारी होती, कारण चार रविवार म्हणजे चार दिवस मुलगी दिसणार होती. मी लिहिलं, "बरं."

पहिल्या रविवारी मावशीच्या दारातून तिला गाडीत घेतलं आणि जालना रोडला लागलो. शेंद्र्यापर्यंत कारखाने, पुढे दोन्ही बाजूंना प्लॉटिंग. जिथं ज्वारी असायची तिथं चुन्यानं रंगवलेले दगड, आणि मोठाल्या कमानींवर इंग्रजी नावं. त्यातली एक कमान आली तेव्हा मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.

त्या कमानीच्या आत माझा एक प्लॉट आहे. तो दाखवायला मी बायकोला, मेव्हण्याला, त्याच्या बायकोला असं सगळ्यांना गाडीत घालून नेलं होतं. मी हातवारे करून बाग कुठं, झोपाळा कुठं ते सांगत होतो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि प्लॉटवाल्याला विचारलं, "पण इथं पाणी कुठंय?" प्लॉटवाला हसला, मग मेव्हणा हसला, मग सगळेच हसले. तिनं काही माझी थट्टा करायची म्हणून विचारलं नव्हतं. ती गारखेड्यात पिंपं भरून भरून पाठ मोडून घेतलेली बाई होती, तिनं दुसरं काय विचारावं? पण चार माणसांत माझी शोभा झाली असं मला वाटलं. घरी आल्यावर मी अबोला धरला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसायचं आणि रात्री तिथंच चटई टाकायची, असे माझे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी बायको गेली.

घोड्यांची जागा म्हणजे तीनेक एकरांचं कोरडं माळरान. पत्र्याची शेड, पाण्याचा सिमेंटचा हौद, आणि लाकडी कुंपण घातलेला एक मोठा गोल. चालवणाऱ्या समुपदेशक बाई चाळिशीच्या, पायात बूट, आवाज मऊ. इतका मऊ आवाज ऐकला की मला आपोआप राग येतो. घोड्यांची देखभाल करायला शहरातले एक म्हातारे चाचा होते, दाढी मेंदीनं रंगवलेली. आमच्या वाट्याला एक पांढरी घोडी आली, वयानं झालेली, पाठ थोडी खाली गेलेली, डोळे मात्र काळेभोर. बाई म्हणाल्या, "काका, घोडा माणसाच्या आतलं ओळखतो. तुम्ही फक्त तिच्याजवळ उभे राहा." मी उभा राहिलो. घोडीनं माझ्याकडे पाठ केली आणि शेपटीनं माश्या हाकत राहिली. बाईंनी विचारलं, "काय वाटतंय?" मी म्हटलं, "ऊन लागतंय."

मुलगी हसली. तोंड फिरवून हसली, पण मी ते पाहिलं. परत येताना सबंध वाट मी त्या हसण्याचाच विचार करत होतो. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर हसलेली मला आठवत नव्हती.

दुसऱ्या रविवारी घोडीला मध्ये उभं केलं. मी अलीकडे, मुलगी पलीकडे. बाईंनी सांगितलं, एकमेकांना एक गोष्ट म्हणा, कुठलीही. माझ्या तोंडून शेवटी जे निघालं ते घोडीच्या मानेकडे बघून निघालं, "हिला विचार, पुण्याला किती वाजता निघणार."

पलीकडून मुलगी म्हणाली, "त्यांना सांग, पाचच्या बसनं."

"तिला म्हणावं, पाचच्या बसला गर्दी असते."

"त्यांना म्हणावं, माझं रिझर्व्हेशन आहे."

घोडीनं एक कान माझ्याकडे, एक तिच्याकडे केला. कुंपणावर हात टेकून उभे असलेले चाचा खो खो हसायला लागले. आम्हालाही हसू आलं, आणि क्षणभर आम्ही स्वयंपाकघरातच उभे आहोत असं मला वाटलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, घोडी निरोप पोचवत नाही."

"आईचं काम होतं ते," मुलगी त्यांना म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "मी पुण्याला गेल्यावर ते माझ्याकडे आलं. दोघं एका घरात राहायचे आणि फोन मला करायचे. आईला सांग, बाबांना सांग. मी त्यांची टपालपेटी होते." मी खाली घोडीच्या खुरांकडे बघत राहिलो. आपण हिला कधी फोन केला होता ते आठवायला लागलो, आणि बरेच आठवले.

तिसऱ्या रविवारी मुलगी पुण्याहून परस्पर येणार होती आणि तिला उशीर झाला, म्हणून बाईंनी माझ्या एकट्याच्या हातात खरारा दिला आणि घोडीचं अंग साफ करायला सांगितलं. हे काम मला आवडलं. वरून खाली, केसांच्या ओघानं, एकसारखा हात. घोडीनं डोळे अर्धे मिटले आणि सगळं वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत मोठा श्वास सोडला. जित्या अंगाची ऊब हाताला लागून मला किती दिवस झाले होते, ते त्या वेळी कळलं, आणि मग जे मी कोणाला सांगितलं नव्हतं ते वर आलं.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. बायको टाकी कितपत भरली ते बघायला गच्चीकडे निघाली होती. मी चटई काखेत घेऊन खाली उतरत होतो. ती जिन्यात मधल्या पायरीवर बसली होती, एक हात भिंतीला लावून. एरवी ती अशी कधी बसत नसे. मी थांबलो असतो तर एवढंच म्हणायचं होतं, "काय गं, काय झालं?" पण बारावा दिवस होता आणि आधी मी का बोलू, असं मला वाटलं. तिनं पदर आवरून मला वाट दिली. मी तिच्या शेजारून उतरलो आणि आंघोळीला गेलो. आंघोळ करून आलो तेव्हा ती भिंतीला कलली होती. पुढं डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी आला असतात तरी उपयोग झाला नसता. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

तिला मी हाक मारली ती नंतर. किती मारल्या, शेजारी धावत आले. आजही पिंप भरताना, कुलूप लावताना, कुठंही, माझ्या तोंडात तिची हाक येते. ती ऐकणार नाही हे ठाऊक असतं, तरी मी थांबतो.

खरारा करताना मी हे घोडीलाही सांगितलं नाही. मुलगी आली, तिनं दुसरा खरारा घेतला आणि पलीकडची बाजू करायला लागली. आम्ही काही न बोलता काम केलं. हा अबोला नव्हता, इतकं मला कळत होतं.

शेवटचा रविवार आला. मला तो नको होता. ठरलेले चार दिवस संपणार, मुलगी पुण्याला जाणार, मग पुन्हा महिना-दोन महिन्यांनी अर्धा तास. आदल्या दिवशी मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, "आज राहा घरी." तीन शब्द. मावशीच्या दारात ती गाडीत बसली तेव्हा म्हणायचं होतं, शेंद्र्याला म्हणायचं होतं, करमाडचा फाटा आला तेव्हाही म्हणायचं होतं.

बाईंनी सांगितलं, घोडीच्या दोन्ही बाजूंनी दोघांनी चालायचं, दोर नाही, लगाम नाही, फक्त मानेवर हात. गोलाची एक फेरी पूर्ण करायची. आम्ही चालायला लागलो. घोडी चार पावलं चालली आणि थांबली. आम्ही थांबलो. ती पुन्हा चार पावलं चालली, पुन्हा थांबली. पाच-सहा वेळा असं झालं. माझ्या हाताखाली तिची मान शांत होती, कुठं काही बिथरल्याचं लक्षण नव्हतं, तरी ती थांबत होती.

बाई जवळ आल्या. नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "ती थांबतेय, कारण तुमच्यापैकी कोणीतरी काहीतरी अडवून धरलंय. बघा, कोणाकडे काय अडकलंय ते."

मी मनात म्हटलं, आता ही बाई घोडीच्या पायातून आमचं भविष्य काढणार. तेवढ्यात माझं मुलीकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पार उतरला होता. हात काढून ती कुंपणाचं फाटक उघडून बाहेर गेली आणि सरळ जाऊन गाडीत बसली. बाईंनी मला खुणेनं सांगितलं, जाऊ द्या तिला. त्यांना समाधान वाटत होतं, असं मला वाटलं, आणि त्याचाही राग आला.

हौदापाशी मी हातपाय धूत होतो, चाचा तिथं बादली भरत होते. पाणी टँकरचं, तेही बेतानं. इकडंतिकडं बघून ते हळूच म्हणाले, "साब, मॅडम को मत बोलो. ये बारात की घोडी है. पंधरा साल मेरे पासच थी, शहर की सब गलियाँ घूमी है. चार कदम चलती, रुकती. सामने नाचनेवाले रहते ना. उनो नाच लिये तो आगे बढना. अब नाच नहीं, बँड नहीं, मगर आदत कहाँ जाती?"

"म्हणजे सगळ्यांबरोबर अशीच थांबते?"

"हौ. सबके साथ. आदमी रोते बैठते, इने खडी रहती."

मला मोठ्यानं हसायला आलं. गाडीकडे जाताना मी ठरवलं, हे आधी मुलीला सांगायचं. ती हसेल, बाईंच्या मऊ आवाजाची नक्कल करेल, आणि ते हसणं ओसरायच्या आत मी माझे तीन शब्द म्हणून टाकेन. दार उघडून बसलो. ती समोरच्या काचेकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटून धरले होते. तो मिटलेला ओठ मी ओळखला. आजोबांचा, वडिलांचा, माझा. आता घोडीचं सांगितलं तर ही हसेल, आणि जे काही हिच्या ओठांशी आलंय ते पुन्हा आत जाईल, एवढं मला तेव्हा कळलं. ते कसं कळलं ते मला सांगता येणार नाही. घोडीची गोष्ट मी तिला आजतागायत सांगितलेली नाही.

गाडी सुरू केली. फाट्यापुढे पाण्याचा एक टँकर होता, रस्ताभर गळत चाललेला. त्याच्या मागे थोडा वेळ गेलो आणि मग मी गाडी कडेला घेऊन बंद केली. तिच्याकडे वळलो. मध्ये कोणी नव्हतं.

"तुझी आई त्या दिवशी जिन्यात बसली होती," मी म्हणालो. "पायरीवर. मी उतरताना बघितलं होतं. मी विचारलं नाही तिला."

तिनं मान वळवली नाही. बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकनं गाडी हलत होती. मला वाटलं, संपलं, आता ही बारा जन्म आपल्या घरात पाऊल टाकायची नाही. आणि तरी सांगून टाकल्याचं वाईट वाटत नव्हतं.

"आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाली, बाबांना एक निरोप दे. मी ऑफिसातून नुकती आले होते, दमले होते. मी तिला म्हटलं, आई, बाबा वर आहेत, तू खाली आहेस, मध्ये एक जिना आहे. मी पुण्यात आहे. तूच जा आणि सांग. मला नका घेऊ आता मध्ये. ती म्हणाली, अगं एवढंच सांग. मी फोन ठेवला, बाबा. मी तुम्हाला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी..."

तिच्या खोलीतली गादी, पंखा, मावशी, अर्धा तास, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. दोन वर्षं मी समजत होतो की ती माझ्यावर रागावलीये.

"काय निरोप होता?" मी विचारलं.

ती रडत होती, पण शब्द तिनं नीट उच्चारले, जसे ऐकले होते तसे. "म्हणाली, बाबांना सांग, पुरे झालं आता. चहा ठेवलाय, खाली या."

ती संध्याकाळ मला आठवली. मी गच्चीवर कठड्याला टेकून बसलो होतो आणि खालून चहातल्या आल्याचा वास आला होता. कपांचा आवाजही आला होता. मला वाटलं होतं, कोणी शेजारीण आली असेल. मी उठलो नव्हतो.

त्या रात्री मुलगी गारखेड्याच्या घरी राहिली, आणि आता महिन्यातून एकदा राहते, हे सगळं नंतरचं. तेव्हा जालना रोडच्या कडेला, बंद गाडीत, मी समोर बघून मोठ्यानं म्हणालो, "आलो गं." मुलीनं माझा हात धरला. मी पुन्हा म्हणालो, "आलो."